जलरेषेखालची पोखरण : शिडाच्या लाकडी होडीत अचानक पाणी शिरण्याविरुद्ध पूर्वतयारी

जून १५०३ मध्ये ख्रिस्तोफर कोलंबसाने आपली उरलेली दोन जहाजे जमैकाच्या किनाऱ्यावर मुद्दाम रुतवली. वादळांइतकाच एका लहान जीवाचा हा पराक्रम होता. जहाजांच्या तळाच्या फळ्या चाळणीसारख्या झाल्या होत्या आणि खलाशांनी अखंड उपसा करूनही आतले पाणी हटत नव्हते. पुढील सुमारे वर्षभर हा काफिला त्याच किनाऱ्यावर अडकून पडला. पाचशे वर्षांनंतरही भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर शिडाच्या आणि इतर लाकडी होड्या वापरात आहेत आणि हा शत्रूही तेथेच आहे. होडीत ‘अचानक’ पाणी शिरले, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या घटनेची तयारी फळीच्या आत कित्येक महिने चाललेली असते.

पोखरणारे जीव

या जीवाला नौकाकृमी किंवा टेरेडो म्हणतात. तो कृमी नाही आणि कीटकही नाही; तो शिंपल्यांच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. त्याच्या सूक्ष्म अळ्या समुद्राच्या पाण्यात तरंगतात, उघड्या लाकडावर बसतात आणि टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पाडून आत शिरतात. त्यानंतर प्राणी वाढतो तो लाकडाच्या आत. डोक्याकडील दोन लहान शिंपले कानशीसारखे वापरून तो बोगदा खणतो आणि बोगद्याला चुनखडीचे अस्तर देतो. लाकडातील सेल्युलोज पचवण्यासाठी त्याच्या कल्ल्यांमधील जिवाणू विकरे पुरवतात.

उसाचा खोडकिडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. प्रवेशाचे छिद्र क्षुल्लक आणि नुकसान मात्र गाभ्यात. टेरेडो शेजाऱ्याच्या बोगद्यात घुसत नाही, तसेच फळीचा पृष्ठभाग फोडणेही टाळतो. त्यामुळे फळी आतून आणि बाहेरून अभंग दिसते. मध्ये उरतात त्या केवळ पातळ भिंती. अशी फळी एखाद्या दिवशी लाटेच्या तडाख्याने, तरंगत्या ओंडक्याच्या धक्क्याने किंवा खिळ्यावरील ताणाने एकदम खचते. मार्टेशिया हा दुसरा शिंपलावर्गीय प्राणी, तसेच लिम्नोरिया आणि स्फेरोमा हे कवचधारी प्राणीही लाकूड पोखरतात. तथापि त्यांचे नुकसान पृष्ठभागालगत असल्याने ते लवकर लक्षात येते.

पाणी किती वेगाने शिरते?

हे गणित प्रत्येक तांडेलाला ठाऊक असावे. जलरेषेखाली ६० सेंटिमीटर खोलीवर ५ सेंटिमीटर व्यासाचे छिद्र पडल्यास सुरुवातीला मिनिटाला सुमारे २४० लिटर पाणी आत येते. म्हणजे पाच मिनिटांत सव्वा टनाच्या आसपास. दहा लिटरच्या बादलीने मिनिटाला सहा वेळा उपसा करणारा धडधाकट खलाशी फक्त ६० लिटर पाणी बाहेर टाकतो, आणि तोही दमेपर्यंतच.

याच गणितात उपायही दडलेला आहे. छिद्राचा मोकळा व्यास निम्मा केला, तर प्रवाह एक-चतुर्थांश, म्हणजे ६० लिटर होतो. एका बादलीच्या आवाक्यात येतो. छिद्राची खोली निम्मी केली, तर प्रवाह सुमारे १७० लिटरवर उतरतो. यावरून क्रम ठरतो : उपशाने वेळ मिळतो, होडी वाचते ती छिद्र अडवल्याने.

किनाऱ्यावरची तयारी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून हा मासेमारी बंदीचा काळ असतो. होडी किनाऱ्यावर ओढलेली असते तोच तपासणीचा हंगाम.

तळ खरवडून स्वच्छ धुवावा आणि प्रत्येक फळी लाकडी हातोडीने हलकेच ठोकावी. निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बद्द. शंका आलेल्या जागी दाभणाने टोचून पाहावे. दाभण सहज आत गेल्यास ती फळी बदलावी. वरून लुकण भरून रंग देणे म्हणजे दोष झाकणे होय. तळाचा कणा, सुकाणूच्या बिजागरीभोवतीचे लाकूड आणि फळ्यांचे सांधे यांकडे विशेष लक्ष द्यावे. गंजलेले खिळे व बोल्ट याच वेळी बदलावेत.

केवळ होडी वाळवल्याने टेरेडो लगेच मरत नाही. तो बोगद्याचे तोंड दोन पाकळ्यांनी बंद करून काही आठवडेही तग धरू शकतो. शिवाय अति वाळल्याने फळ्या आकसतात व सांधे उघडतात. म्हणून होडी सावलीत ठेवावी आणि पाण्यात उतरवण्यापूर्वी सांध्यांतील कापूस व राळ-तेलाचे भरण नव्याने करावे.

प्रतिबंधाचे सूत्र साधे आहे : अळीला उघडे लाकूड मिळू नये. तांबेयुक्त प्रतिबंधक रंगाचा अखंड थर हा पहिला अडथळा. किनाऱ्यावरून ओढताना पडलेला एखादा ओरखडाही अळीला पुरेसा असतो. तो त्याच दिवशी बुजवावा. नवीन फळी निवडताना बाहेरचे फिकट रसकाष्ठ टाळून गाभ्याचे लाकूड घ्यावे. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रसायन-प्रक्रिया केलेल्या रबराच्या लाकडावर काचतंतूंचे आवरण चढवून होड्या विकसित केल्या आहेत. स्वस्त लाकडालाही आवरणाने दीर्घायुष्य देता येते, हे त्यातून दिसते. मात्र आवरण चढवण्यापूर्वी लाकूड कोरडे व कीडमुक्त असले पाहिजे, अन्यथा कूज आतच कोंडली जाते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तांबेयुक्त रंग कधीही देऊ नये. त्याने पत्राच झिजतो.

होडीत काय असावे?

शिडाच्या होडीत पाणी उपसायला इंजिनाची शक्ती गृहीत धरता येत नाही. म्हणून हातपंप सुकाणूजवळ पक्का बसवावा, म्हणजे सुकाणू धरणाऱ्यालाही तो चालवता येईल. दोन मजबूत बादल्या दोरीने बांधून ठेवाव्यात. तळात जाळ्यांचे तुकडे किंवा प्लॅस्टिक साचू देऊ नये. ऐन वेळी पंप त्यानेच तुंबतो. तळावरील पाटे झटकन उचलता आले पाहिजेत, कारण जे छिद्र दिसत नाही ते बुजवताही येत नाही.

तळातून जाणारी नळी किंवा झडप असल्यास तिच्याशेजारी योग्य मापाचे निमुळते मऊ लाकडी बूच बांधून ठेवावे. त्याखेरीज जुनी गोधडी किंवा फोमची गादी, फळीचे दोन तुकडे, एक टेकू, हातोडी आणि चारही कोपऱ्यांना दोर असलेले जाड कापड जवळ असावे.

पाणी शिरल्यावर

कामे आधीच वाटून दिलेली असावीत : एकाने सुकाणू सांभाळावे, एकाने उपसावे, एकाने छिद्र शोधावे. सर्वांनी जीवरक्षक जॅकेट चढवावे. मदत लगेच मागावी. भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि व्हीएचएफ संचाची १६ क्रमांकाची वाहिनी सर्वांना पाठ असावी.

शिडाच्या होडीला एक जास्तीचा उपाय उपलब्ध असतो. छिद्र ज्या बाजूला असेल त्याच बाजूने वारा घेतला, तर होडी विरुद्ध बाजूला कलते आणि छिद्र वर येते. नळीच्या जागी बूच ठोकावे. पोखरलेल्या फळीत मात्र बूच ठोकू नये. भोवतालच्या पातळ भिंती फुटून भगदाड वाढते. तेथे गादी ठेवून वर फळी दाबावी आणि टेकू द्यावा. त्याच वेळी बाहेरून कापड तळाखाली ओढून घ्यावे. पाण्याचा दाबच ते छिद्रावर बसवतो.

ही युक्ती जुनी आहे. जून १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळरांगेवर आदळलेले जेम्स कुक यांचे ‘एंडेव्हर’ जहाज अशाच रीतीने वाचले. शिडाच्या कापडावर दोरखंडाचा कात्या व लोकर बसवून ते तळाखाली ओढल्यावर गळती एका पंपाच्या आवाक्यात आली.

सर्व उपाय थकले तरी होडी सोडून पोहत निघू नये. पाण्याने भरलेली लहान लाकडी होडी बहुधा तरंगत राहते आणि शोधपथकाला एकट्या माणसापेक्षा ती लवकर दिसते.

शेतात कीड दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा नियमित सर्वेक्षण स्वस्त पडते, हे शेतकरी जाणतो. होडीच्या तळालाही तोच नियम लागू आहे. बंदीच्या काळात हातोडी घेऊन तळाशी घालवलेला एक दिवस भर समुद्रातील त्या पाच मिनिटांची वेळ टाळू शकतो.