अटकेची कारणे : लेखी, समजेल अशा भाषेत आणि वेळेत

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘भारतीय संविधान’ हा विषय सक्तीचा असतो. त्यातील अनुच्छेद २२ बहुतेक जण पाठ करून सोडून देतात. पण मागील काही वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने याच अनुच्छेदावर एकामागून एक निकाल दिले आहेत. त्यांतील ६ नोव्हेंबर २०२५ चा निकाल मुंबईतील एका प्रकरणातून आला, पण तो रायपूरपासून रत्नागिरीपर्यंत प्रत्येक पोलीस ठाण्याला लागू आहे. या टिपणात तो समजून घेऊ.

१. मूळ तरतूद

अनुच्छेद २२(१) नुसार, अटक केलेल्या व्यक्तीला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितली पाहिजेत आणि तिला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. अनुच्छेद २२(२) नुसार, प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत तिला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम ४७ (कारणे कळवणे), कलम ४८ (नातेवाइकांना कळवणे) आणि कलम ५८ (२४ तासांची मर्यादा) यांत आले आहे.

‘कळवणे’ म्हणजे तोंडी की लेखी, कोणत्या भाषेत आणि नेमके केव्हापर्यंत, हे मात्र अनुच्छेदात लिहिलेले नाही. वाद तेथेच होता.

२. निकालांची साखळी

पंकज बन्सल (३ ऑक्टोबर २०२३) : आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखालील अटकेत कारणे लेखी द्यावीत.

प्रबीर पुरकायस्थ (१५ मे २०२४) : हाच नियम यूएपीए कायद्याला लावला. आरोपीला पहाटे न्यायाधीशांसमोर उभे केले, तेव्हा त्यांच्या पसंतीचे वकील तेथे नव्हते. न्यायालयाने येथे एक महत्त्वाचा फरक दाखवला. ‘तपास नीट व्हावा’, ‘पुरावा नष्ट होऊ नये’ ही वाक्ये कोणत्याही आरोपीच्या कागदावर चालतात. अटकेची कारणे त्या व्यक्तीपुरती नेमकी हवीत : कोणते कृत्य, केव्हा, कोठे, आणि तिच्यावरच संशय का.

विहान कुमार (७ फेब्रुवारी २०२५) : न्यायमूर्ती अभय ओक आणि एन. कोटीश्वर सिंह यांचे खंडपीठ. कारणे कळवलीच नाहीत असे आरोपी म्हणत असेल, तर ती कळवली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांची. पुढे दोषारोपपत्र दाखल झाले म्हणून मूळची बेकायदा अटक कायदेशीर ठरत नाही.

३. मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य

जुलै २०२४ मध्ये वरळीत मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील एका महिलेचा मृत्यू झाला. आरोपीने अटकेला आव्हान दिले : कारणे लेखी दिली नव्हती. उच्च न्यायालयाने अटक वैध मानली. सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न उरला तो असा : लेखी कारणांचा नियम विशेष कायद्यांपुरताच आहे, की सर्व गुन्ह्यांना आहे?

सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांनी दिलेले उत्तर :

(अ) नियम सर्व गुन्ह्यांना लागू.
(आ) कारणे लेखी आणि त्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत हवीत.
(इ) पोलिसांच्या डोळ्यांदेखत गुन्हा घडतो अशा प्रसंगी तत्काळ लेखी देणे शक्य नसेल, तर आधी तोंडी सांगावे. लेखी प्रत वाजवी वेळेत, आणि काहीही झाले तरी रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी द्यावी.
(ई) हे न पाळल्यास अटक आणि त्यानंतरचा रिमांड बेकायदा; व्यक्तीला सोडावे लागेल.

४. दोन तास आणि भाषा का?

समजा, बस्तरचा हलबी बोलणारा मजूर रायपूरला बांधकामावर आहे. सोमवारी रात्री ९ वाजता त्याला अटक झाली. मंगळवारी दुपारी ३ वाजता न्यायालयात नेणार असतील, तर दुपारी १ पर्यंत कागद त्याच्या हातात हवा. त्या दोन तासांत वकील कागद वाचतो, त्याला प्रश्न विचारतो, आणि पोलीस कोठडीला विरोध करायचा की जामीन मागायचा हे ठरवतो. कागद नसेल तर वकील उभा राहतो, पण बोलणार काय? बचाव खटल्याच्या दिवशी सुरू होत नाही. तो पहिल्या रिमांडला सुरू होतो.

कागद इंग्रजीत किंवा अवघड कार्यालयीन हिंदीत असेल, तर त्या मजुराच्या दृष्टीने तो कोराच. भाषेचा मुद्दा नवा नाही. १९६२ मध्ये हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या खटल्यात, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला कारणांचे तोंडी भाषांतर करून सांगणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते.

५. गैरसमज टाळा

• सुटका म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे. लेखी कारणे देऊन आणि उशिराचा खुलासा करून पोलीस पुन्हा कोठडीसाठी अर्ज करू शकतात; त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांनी शक्यतो आठवड्याच्या आत निर्णय घ्यायचा असतो.
• दोन तासांचा हा नियम निकालानंतरच्या अटकांसाठी आहे.
• हा नियम श्रीमंत आरोपीच्या याचिकेतून आला, म्हणून तो श्रीमंतांचा ठरत नाही. वकील पदरी असलेल्याला कारणे कशीही कळतात. कागदाची खरी गरज वकील नसलेल्याला आहे. अशा व्यक्तीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील असतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००.

सारांश

अटकेच्या वेळी तीन गोष्टी तपासाव्यात : कागद मिळाला का, तो समजतो का, हजर करण्याच्या दोन तास आधी मिळाला का. तिन्हींचे उत्तर ‘होय’ हवे.

स्वाध्याय

१. ‘तपासासाठी आवश्यक’ एवढेच लिहिलेला कागद अनुच्छेद २२(१) ची पूर्तता करतो का? प्रबीर पुरकायस्थ निकालाच्या आधारे लिहा.
२. अटक रात्री ११ वाजता, हजेरी दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता. लेखी कारणे देण्याची अंतिम वेळ कोणती?
३. तुमच्या जिल्ह्यात बोलल्या जाणाऱ्या भाषांची यादी करा. त्यांपैकी किती भाषांत असा कागद आज तयार होऊ शकेल? वर्गात चर्चा करा.