पाणी सगळ्यांचे, तर राखणही सगळ्यांची

आषाढ लागला की दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढतात. त्यामागून कावीळ आणि टायफॉईड येतो. आम्ही नर्स म्हणून वॉर्डात होतो तेव्हा सलाईन लावायचो. आता देवपूरहून आजूबाजूच्या गावांत जातो तेव्हा आधी एकच विचारतो: पिण्याच्या पाण्याची विहीर कुठे आहे? बऱ्याच गावांत उत्तर सारखे मिळते, तलावाच्या भरावाखाली.

यात गैर काही नाही. खान्देशात पाऊस तुटपुंजा. तलावात अडवलेले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरीला झरे फुटतात. पाझर तलाव त्यासाठीच बांधले. पण तलावाच्या वरच्या अंगाला हागणदारी असेल, काठावर उकिरडे असतील, फवारणीचे पंप तलावातच धुतले जात असतील, तर पहिल्या पावसात ते सगळे पाण्यात उतरते. शहरवाल्यांनीही हा खेड्याचा प्रश्न समजू नये. धुळ्याला नकाणे आणि डेडरगाव तलावांचे पाणी येतेच.

औषधाविना हटलेला रोग

वयस्क मंडळींना नारू आठवत असेल. पायाला फोड यायचा आणि त्यातून हातभर लांब जंत बाहेर पडायचा. आग थांबावी म्हणून रोगी पायऱ्यांच्या विहिरीत किंवा तलावात पाय बुडवायचा. तिथे जंताची पिल्ले पाण्यात सुटायची, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने नवा नारू तयार व्हायचा. यावर औषध नव्हते, लसही नव्हती. तरीही भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे जाहीर केले. हे कशाने झाले? लोकांनी पाणी दुपदरी फडक्याने गाळले, पायविहिरींना कठडे बांधून रहाट बसवले, रोग्याला पाणवठ्यात उतरू दिले नाही. पाणवठा राखला आणि रोग गेला.

'शुद्धी' म्हणजे स्वच्छता नव्हे

तलावाचा विषय निघाला की आपल्या मनात महाडच येते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे ठरवले होते. तरी ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. पुढे न्यायालयातली लढाई १९३७ पर्यंत चालली.

सत्याग्रहानंतर तिथल्या सवर्णांनी काय केले ते आरोग्याच्या नजरेने पाहा. दूध, दही, गोमूत्र आणि शेण यांच्या १०८ घागरी त्यांनी तळ्यात ओतल्या आणि तळे 'शुद्ध' झाले म्हणून जाहीर केले. पिण्याच्या पाण्यात शेण! माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडत नाही, घाणीने बिघडते. एवढी साधी गोष्ट जात शिकू देत नाही.

महाडने पाण्याचा हक्क मिळवून दिला. त्याच्या पुढची पायरी आहे पाण्याच्या निर्णयात जागा. तलाव कुणी राखायचा, गाळ कुणाच्या शेतात जायचा, मासेमारीचा लिलाव कसा व्हायचा, हे ठरते त्या बैठकीत आपल्या वस्तीचे कुणी असते का?

फड पद्धतीची शिकवण आणि तिची उणीव

राखणीची परंपरा आपल्याच जिल्ह्यात आहे. पांझरेवर शेकडो वर्षे फड पद्धत चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पाळी ठरलेली, पाणी द्यायला पाटकरी आणि पाट साफ करायला सगळ्यांचे हात. पण या पद्धतीत पाण्याचा वाटा जमिनीला होता. ज्याला जमीन नाही, त्याला वाटा नाही.

ही उणीव पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीने भरून काढली. १९७० च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी नायगावातून सुरू केलेल्या या कामात पाणी माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने वाटले गेले आणि भूमिहीनांचाही पाण्यावरचा हक्क मानला गेला. ऊस मात्र घ्यायचा नाही, असा नियम होता.

तलावापुरते बोलायचे तर गोंदिया-भंडाऱ्याकडे पाहावे. तिथले मालगुजारी तलाव १९५० नंतर सरकारकडे गेले आणि राखण सुटली. गाळ साचला, बेशरम माजली, मासळी घटली. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या लोकांनी मनीष राजनकर यांच्यासोबत हे काम हाती घेतले. पतिराम तुमसरे यांच्यासारखे जाणते मच्छीमार आणि शालू कोल्हे यांच्यासारख्या बाया पुढे आल्या. त्यांनी बेशरम उपटली, पाण्यातल्या देशी वनस्पती लावल्या, देशी मासे सोडले. मासे वाढले, पक्षी परतले. ज्यांचे पोट तलावावर, त्यांच्याच हाती राखण आली म्हणून हे झाले.

आपल्या गावात काय करायचे

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात आपल्या वस्तीतली बाई आहे का, हे आधी विचारा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. तलावाचा विषय तिथे लिहून द्या.

पाणीस्रोतांची पाहणी वर्षातून दोनदा होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते मिळाले ते मागून पाहा. लाल असेल तर कारण विचारा.

उन्हाळ्यात गाळ काढा आणि गाळवाटपाची यादी ग्रामसभेत वाचायला लावा. काठापासून उकिरडे हलवा. गुरांना पाणी पाजायला वेगळी जागा आणि हाळ करा. कपडे आणि फवारणीचे पंप तलावात धुऊ नका. भरावावर झाडे वाढू देऊ नका, मुळांनी भराव पोकळ होतो. झाडे वरच्या अंगाला लावा.

टीसीएल पावडर ताजी आहे का, कोरड्या जागी झाकून ठेवली आहे का, ते पाहा. ओटी टेस्ट टाकीजवळ न करता शेवटच्या नळावर करायला सांगा. शेवटचा नळ बहुधा बौद्ध वस्तीत नाहीतर भिलाटीत असतो. तिथे पाणी पिवळे झाले, तरच क्लोरीन सगळ्यांपर्यंत पोचले.

घरात कुणाला जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजा आणि आशाताईंना कळवा. गरोदर बाईला कावीळ दिसली तर एक दिवसही थांबू नका, थेट दवाखान्यात न्या. दूषित पाण्यातून येणारी कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.

एकाच गल्लीत दोन-तीन घरी जुलाब लागले, तर उपकेंद्राला कळवून त्याच दिवशी विहिरीचे पाणी तपासायला लावा.