मोटारीचें मंडन आणि हमीचें खंडन

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरांत एक लहानसें रण माजलें. निमित्त झाली मोटार. पुतण्यानें ती २०२२ सालीं घेतली, तेव्हां तिजबरोबर तीन वर्षांची हमी, म्हणजे वॉरंटी, मिळाली होती. रात्रीं कोंकणांत उतरतांना रस्ता स्पष्ट दिसावा म्हणून त्यानें बाजारांतील एका मिस्त्रीकडून मूळचे ६० वॅटचे बल्ब काढवून १०० वॅटचे बसवून घेतले, व सूनबाईंच्या हौसेखातर गाण्याचें नवें यंत्रहि. दोन्ही कामांत मूळच्या तारा कापून जोडल्या होत्या. पुढें दिव्यांचें बटण जळालें, आणि त्याच आठवड्यांत एसीचा काँप्रेसर बंद पडला.

सर्व्हिस सेंटरमधील गृहस्थानें कापलेल्या तारा पाहिल्या आणि सबंध गाडीचीच वॉरंटी संपली असा निकाल देऊन टाकला. खर्चाचा अंदाज ४६,००० रुपये! घरांत तत्काळ दोन पक्ष पडले. बंधूंनीं मुलास दोष दिला, सूनबाईंनीं विक्रेत्यास.

वाचकहो, मी कांहीं इंजिनियर नव्हे. परंतु पस्तीस वर्षें मुलांना उताऱ्यांचा अर्थ सांगत आलों आहें. मीं हमीची पुस्तिका मागविली. घरांतील कोणींहि ती तोंवर उघडलेली नव्हती. तींत लिहिलें होतें कीं, फेरफारामुळें झालेल्या बिघाडास हमी लागू नाहीं. सारें मर्म त्या ‘मुळें’मध्यें आहे. गाडींत फेरफार असणें पुरेसें नाहीं. तो त्या विशिष्ट बिघाडाचें कारण असला पाहिजे. न्यायशास्त्रांत कुंभाराच्या गाढवाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. माती वाहून आणणारें गाढव घटाच्या पूर्वीं हजर असतें खरें, पण तें घटाचें कारण नव्हे; तें अन्यथासिद्ध. काँप्रेसरच्या बाबतींत आमचें गाण्याचें यंत्र असेंच गाढव होतें.

दिव्यांच्या बाबतींत मात्र पुतण्याची बाजू घेतां येईना. बारा व्होल्टच्या मोटारींत ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर प्रवाह घेतो, १०० वॅटचा सव्वाआठांहून थोडा अधिक. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे तीच तार, तेंच बटण, आणि उष्णता जवळजवळ पावणेतीनपट. निराळी जाड तार आणि रिले घातला असता तर हें टळतें. मिस्त्रीनें तें केलें नव्हतें.

आपल्या देशांत हा प्रश्न वरपर्यंत गेलेला आहे. २०१४ च्या ऑगस्टांत भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार-कंपन्यांविरुद्ध निर्णय देतांना असें बजाविलें कीं, गिऱ्हाइकानें बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतलें एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करूं नये. सदोष कामामुळें जेवढें नुकसान झालें तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. कंपन्या पुढें अपिलांत गेल्या, ही गोष्ट निराळी.

हमी शाबूत राहिली म्हणजे कायदाहि संतुष्ट झाला, असें मात्र नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपुस्तकांतील वर्णनाशीं विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं, व जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तेंच ठामपणें सांगितलें. सीएनजीचा संच मागाहून बसविणाऱ्यानें तो मान्यताप्राप्त आहे ना हें पाहून आरटीओंत नोंद करावी, आणि विमा कंपनीसहि कळवावें.

आम्हीं सर्व्हिस सेंटरांत वाद घातला नाहीं. दोन ओळींचें पत्र दिलें: काँप्रेसर कोणत्या फेरफारामुळें बिघडला तें लेखी कळवावें. आठ दिवसांनीं उत्तर आलें. कारण कांहींच नव्हतें; काँप्रेसर हमींतच बदलून मिळेल, एवढेंच होतें. बटण व तारा यांचे ७,२०० रुपये पुतण्यानें मुकाट्यानें भरले.

त्याच्या धाकट्या भावानें यंदा स्वतःची गाडी घेतली आहे, व तो तिला रुंद टायर घालूं म्हणतो. तिची पुस्तिका मीं मागितली आहे. ती अद्याप सांपडत नाहीं. टायर मात्र येऊन पडले आहेत.