उतारावरची मोकळी जागा

पंजाबातील संगरूरपासून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ गोव्याच्या हद्दीत कुठेही शिरत नाही. मात्र काणकोणहून कारवारमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या गोमंतकीयाला तो अंकोल्यात भेटतोच, कारण तिथेच त्याचा शेवट होतो. हाच रस्ता उत्तरेत राजगढ, बियावरा, देवास, इंदूर असा माळव्यातून येतो आणि धार जिल्ह्यात पठाराची कड सोडून नर्मदेच्या खोऱ्यात, निमाडात उतरतो. पवारांच्या जुन्या संस्थानी मुलखातून उतरणाऱ्या या टप्प्याला गणपती घाट म्हणतात. धामनोदच्या अलीकडचा हा उतार ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांसाठी सबंध माळव्यात कुप्रसिद्ध झाला. भरलेले ट्रक खाली येताना आवरेनासे होत आणि पुढच्या मोटारींना चिरडत जात. अखेर २०२४ च्या शेवटी उतरणाऱ्या वाहनांसाठी सुमारे नऊ किलोमीटरचा वेगळा, कमी उताराचा मार्ग सुरू करावा लागला.

योगायोग असा की, ब्रेक म्हणजे काय हे देशात जिथे सर्वांत काटेकोरपणे मोजले जाते, ती जागाही याच धार जिल्ह्यात आहे. पीथमपूरजवळील ‘नॅट्रॅक्स’ या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावपट्टीचे उद्घाटन जून २०२१ मध्ये तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. केवळ ब्रेकच्या चाचणीसाठी तिथे स्वतंत्र मार्ग आहे. कोरडा, ओला, गुळगुळीत अशा निरनिराळ्या पृष्ठभागांवर गाडी किती मीटरांत थांबते, याची तिथे नोंद होते. पण चाचणीच्या मार्गावर चालकाला ब्रेक केव्हा दाबायचा हे आधीच ठाऊक असते. महामार्गावर ते कोणीच सांगत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. समोरच्या गाडीचे तांबडे दिवे डोळ्यांनी टिपणे, मेंदूने त्याचा अर्थ लावणे आणि पाय ब्रेकवर पडणे, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ३३ मीटर संपले. चांगल्या कोरड्या रस्त्यावर त्यानंतर थांबायला साधारण ३५ मीटर लागतात. रस्ता भिजलेला असेल, तर हेच अंतर ६० मीटरांच्या वर जाते. आता आपल्याकडच्या चौपदरी रस्त्यावरचे नेहमीचे दृश्य आठवावे: ८० च्या वेगात दोन गाड्यांमध्ये दहा मीटर अंतर. ते कापायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्या अर्ध्या सेकंदात मागच्या चालकाचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच असतो.

यावर चिकटून चालवणाऱ्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो की, पुढचाही एकदम थांबत नाही, तोही ब्रेक लावतच थांबतो. मग मधले अंतर कायम राहणारच. दोन्ही गाड्या सारख्या असतील, ब्रेक सारखेच लागतील आणि मागच्याचा पाय त्याच क्षणी ब्रेकवर पडेल, तर हे खरे मानता येईल. प्रत्यक्षात पुढे नवी कोरी मोटार असते आणि मागे प्रवाशांनी भरलेली बस. शिवाय पुढची गाडी काही ब्रेक लावूनच थांबेल असे नाही. ती उभ्या ट्रकवर आदळूनही थांबू शकते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशातील सुमारे एक पंचमांश अपघात मागून धडक बसल्याचे होते. त्या वर्षी रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली.

घाटात या हिशेबाला आणखी एक गोष्ट जोडावी लागते, ती उष्णतेची. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करत नाहीत, ते त्याची उष्णता करतात. चाळीस टनांचा ट्रक तीनशे मीटर उंचीवरून खाली येताना जेवढी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात साडेतीनशे लिटरांहून अधिक पाणी उकळी फुटण्यापर्यंत तापेल. वारा आणि टायर तिचा थोडासा वाटा उचलतात. उरलेली सर्व उष्णता चाकांच्या ड्रममध्ये जाऊ द्यायची की काही भार इंजिनावर सोपवायचा, हे चालकाने निवडलेला गिअर ठरवतो. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरते. जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा. मोठ्या गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेक असतो, तोही याच कामासाठी.

उलट डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की, सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड सुटते. मग पेडल तळापर्यंत दाबले तरी गाडी मानत नाही. इंजिनच बंद केलेले असेल तर हवेचा दाब भरणारा कम्प्रेसरही थांबतो. दोनचार वेळा ब्रेक दाबताच टाकीतली हवा उतरते. ‘ब्रेक फेल’ हे शब्द ऐकले की एखादा भाग तुटला असावा, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा काहीच तुटलेले नसते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने एकामागून एक गाड्या उडवल्या. तेव्हाही आधी ब्रेक निकामी झाल्याचेच सांगितले गेले. पुढे, चालकाने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांच्या तपासात समोर आले. वाचलेल्या डिझेलची किंमत किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

ट्रकचालकांना दोष देणे मात्र सोपे आहे. मोटारीतल्या मंडळींचा वाटा सहसा कोणी मोजत नाही. घाट उतरताना जाणता ट्रकचालक पुढे ऐंशी-शंभर मीटर जागा मुद्दाम मोकळी ठेवतो. ती रिकामी दिसली तरी रिकामी नसते. तेच त्याचे थांबण्याचे अंतर असते. मागून आलेली मोटार ट्रकला ओलांडून त्याच जागेत शिरते, पुढे वळण पाहून ब्रेक दाबते आणि ट्रकचालकाला नाइलाजाने तापलेले ब्रेक पुन्हा आवळावे लागतात. अशा पाच गाड्या शिरल्या की, पाच वेळा. घाटाच्या तळाशी ब्रेक सुटतात तेव्हा त्या पाचही गाड्या केव्हाच दूर गेलेल्या असतात. चिरडला जातो तो सहावा.

४ जुलै २०२३ रोजी धुळे जिल्ह्यातल्या पळासनेर येथे याच मुंबई-आग्रा रस्त्यावर आवरेनासा झालेला ट्रक इतर वाहनांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा जणांचा बळी गेला. सातपुड्याचा बिजासन घाट संपतो तिथेच हे गाव आहे. उतार संपल्यावर लागणारा सपाट रस्ता, चहाचे हॉटेल, बसथांबा ही माणसांना सुरक्षित वाटणारी ठिकाणे असतात आणि धोका नेमका तिथेच येऊन पोहोचतो.

समोरच्यापासून पुरेसे अंतर ठेवावे, सुरक्षिततेचे कारण नसता एकदम ब्रेक दाबू नये, अरुंद डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हे तिन्ही नियम १९८९ च्या रस्ता-विनियमांत होते. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली, पण शिकवण तीच राहिली. वाहन परवान्याच्या चाचणीत मात्र आपण ‘आठ’ काढून दाखवतो आणि मोकळे होतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला बंदी घातली. त्या तीन शब्दांनी कित्येक पिढ्यांना मागून येऊन भोंगा वाजवणे हाच शिष्टाचार असल्याचे शिकवले होते. उजवा इंडिकेटर देऊन ‘जा पुढे’ असे खुणावण्याची पद्धतही अशीच घातक. तो चालक खरोखर उजवीकडे वळणार असला, तर काय करायचे?

आपल्याकडे अनमोड आणि चोर्ला हे दोन्ही घाट उतरूनच बेळगावची भाजी गोव्यात पोहोचते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिथे रस्ता क्वचितच कोरडा असतो. समोरची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की, मनात दोन सेकंद मोजावेत. तेवढ्यात आपण त्या खांबाशी पोहोचलो तर अंतर अपुरे आहे. पावसात चार सेकंद धरावेत. ब्रेकवर पाय सतत ठेवून उतरू नये. तो नेट लावून दाबावा, वेग थोडा खाली आणावा आणि सोडून द्यावा, म्हणजे चाकांना निवायला अवधी मिळतो. पुढच्या ट्रकच्या चाकांतून जळका वास किंवा धूर येत असेल तर त्याला ओलांडण्याची घाई करू नये. ओलांडले की आपण त्याच्या पुढे, उताराच्या बाजूला येतो. मागेच राहावे, धोक्याचे दिवे लावून मागच्यांना सावध करावे आणि त्याला कड गाठू द्यावी.