झॉम्बी किनाऱ्यावर, माणसे समुद्रात

झॉम्बींच्या कथांत वाचलेली माणसे हमखास बोट गाठतात. २००४च्या ‘डॉन ऑफ द डेड’ या चित्रपटातही तेच घडते. कल्पना अगदीच पोकळ नाही.

१९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अमेरिकन सामोआचे गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणाऱ्या जहाजांवर कडक विलगीकरण लादले. तिथे या साथीने एकही बळी घेतला नाही! शेजारच्या पश्चिम सामोआत मात्र ऑकलंडहून आलेल्या ‘टालून’ जहाजातून आजारी प्रवासी उतरले आणि पाहता पाहता पाचातला एक माणूस दगावला. तेव्हा समुद्र राखण करतो, पण बंदरावर कुणीतरी ठाम उभे असेल तरच.

संसर्ग जहाजावरच चढला तर? २०२०मध्ये योकोहामाला थांबवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर ३,७११ पैकी ७१२ जणांना कोविड झाला.

त्याहून मोठा शत्रू तहान. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडे इतके खारट मूत्र बनवू शकत नाहीत. त्यामुळे प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी शरीराबाहेर जाते.

१९८२मध्ये बोट बुडाल्यावर स्टीव्हन कॅलहन अटलांटिकमध्ये ७६ दिवस रबरी तराफ्यावर जगले. उन्हाने खाऱ्या पाण्याची वाफ करून ती थंड करणारे साधे उपकरण त्यांना दिवसाला जेमतेम अर्धा लिटर गोडे पाणी देई. भाल्याने मारलेल्या माशांवर गुजराण चाले. फेकलेल्या आतड्यांवर पक्षी घिरट्या घालू लागले, म्हणूनच ग्वादेलूपजवळच्या कोळ्यांना ते सापडले.