टेपवर ठेवलेली चाल

१९६० चं न्यूयॉर्क. संगीतकार कॅरोल किंग १८ वर्षांची, कडेवर काही महिन्यांची लेक. नवरा जेरी गॉफिन दिवसा प्रयोगशाळेत नोकरी करायचा, रात्री गाणी लिहायचा. एके संध्याकाळी कॅरोलनं नवी चाल टेपरेकॉर्डरवर वाजवून ठेवली, शब्द लिही म्हणून चिठ्ठी ठेवली आणि ती माहजाँग खेळायला गेली. त्यातून जन्मलं 'विल यू लव्ह मी टुमारो'!

आजची रात्र सरल्यावरही तुझं प्रेम टिकेल ना, ही मुलीच्या मनातली धाकधूक २१ वर्षांच्या मुलानं इतकी नेमकी पकडावी, याचं मला दरवेळी नवल वाटतं. ते गाणाऱ्या 'द शिरेल्स' या गटातल्या शर्ली ओवेन्सला मात्र गाणं आधी रुचलंच नव्हतं. फार 'कंट्री' वळणाचं वाटलं. मग त्यात व्हायोलिन्स आली. तो वाद्यमेळही कॅरोलनंच लिहिला. जानेवारी १९६१ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर! कृष्णवर्णीय मुलींच्या गटाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. जेरीनं नोकरी सोडली.

१९७१ च्या 'टॅपेस्ट्री' या अल्बममध्ये कॅरोलनं तेच गाणं स्वतः गायलं, पियानोवर, अगदी संथ. तोवर दोघं विभक्त झाले होते. आधी शिरेल्स ऐका, मग लगेच हे.