शिकविले, पण सामावून घेतले नाही

करोल बागेत विटा-खानापूरकडील मराठी गलाई कारागीर सोने शुद्ध करतात, हे दिल्लीकर मराठी माणसाला ठाऊक असते. त्याच वस्तीतील तिब्बिया महाविद्यालयाकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. १९१६ मध्ये व्हाइसरॉय हार्डिंग यांनी या संस्थेची कोनशिला बसविली आणि १९२१ मध्ये महात्मा गांधींनी तिचे उद्घाटन केले. गांधीजींनी त्या भाषणात पाश्चात्त्य वैद्यकातील संशोधनवृत्तीची प्रशंसा केली, हे देशी वैद्यकाच्या अभिमान्यांना आजही अडचणीचे वाटते.

हकीम अजमल खान यांचे राजकारण त्याहून सूक्ष्म होते. १९१२ च्या मुंबई इलाख्यातील वैद्यकीय नोंदणी कायद्याने वैद्य-हकिमांना मान्यतेबाहेर ठेवले, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. पण केवळ परंपरेची दुहाई दिली नाही. आयुर्वेद व युनानीच्या जोडीला शरीररचना आणि शस्त्रक्रियाही शिकवायची, असा त्यांचा आग्रह होता. तत्पूर्वीच, १९०९ मध्ये, त्यांनी दिल्लीत सुइणींच्या प्रशिक्षणासाठी शाळा काढली होती. समाज ज्यांच्यावर विसंबून आहे त्यांनाच शिकवावे, हा त्यामागील विचार.

महाराष्ट्रात तो विचार गडचिरोलीने फार पुढे नेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकाचे वजन घेण्यापासून जंतुसंसर्गावर इंजेक्शन देण्यापर्यंत सर्व शिकविले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. २००५ मध्ये ‘आशा’ योजना आली, आणि २०११ मध्ये दिल्लीने घरोघरी नवजात बालसेवेचे काम देशभरातील आशांवर सोपविले. इंजेक्शन मात्र त्यातून वगळले.

वगळला गेला तो दर्जाही. बाळंतिणीशी माडियात किंवा कोरकूत बोलणारी आशा सरकारी दप्तरी स्वयंसेविकाच राहिली. मेळघाटातील भरारी पथकांत मानधनावर राबणाऱ्या आयुर्वेद पदवीधरांची कथा वेगळी नाही. वास्तविक आदिवासी जिल्ह्यांत परिचारिका-प्रशिक्षणाच्या जागा अनुभवी आशांसाठी राखणे, वसतिगृह व विद्यावेतन देणे, ही काही अर्थसंकल्प हादरविणारी मागणी नव्हे. अडचण पैशाची कमी, मानसिकतेची अधिक आहे. २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर केली; कर्मचारी म्हणून मान्यता त्या निर्णयात नव्हती.